सोमवारचे दोन तास

दिनानाथ राऊताच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. बावीस वर्षं भाजीची कावड त्याच जागी टेकवून होळी नावाच्या नाक्यावरच्या बाजाराला गेल्यामुळे ती आली, असं तो म्हणे. डॉक्टर म्हणाले, कावडीचा तिच्याशी काही संबंध नाही, चरबीची गाठ आहे, कुठेही येते. दिनानाथला ते पटलं नाही. आपल्या अंगावर काय कशाने आलं हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर आणखी कोणाला असणार, असा त्याचा सवाल होता, आणि सवाल केला की उत्तरही तोच देऊन मोकळा व्हायचा.

माणूस वाईट नव्हता. फार खात्रीचा होता, एवढंच. गिरीज गावाच्या त्या अंगाला चार बागायती वाड्यांना मिळून एकच बावखल, म्हणजे वाडवडिलांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, आणि त्यावर एक मोटार. पाणी पाळीने. मोटारीचं पाणी एका लांब पाटातून चारही वाड्यांच्या कडेने वाहायचं. प्रत्येक वाडीकडे पाटाला एक तोंड, ते चिखलाने बुजवलेलं, आणि ज्याची पाळी त्यानेच आपलं तोंड फोडायचं. कोणाचा वार कोणता, कोणी कोणाला कधी अर्धा दिवस सोडला, हे सगळं दिनानाथच्या डोक्यात होतं. कागद कोणी ठेवला नव्हता, कारण दिनानाथ होता. वाद झाला की लोक त्याच्याकडे येत, तो सांगे, आणि लोक घरी जात. "मी डोळ्यांनी पाहिलंय," असं तो म्हणाला की पुढे बोलायची सोय नसे.

असंच म्हणून त्याने सात वर्षांपूर्वी भालचंद्राची पाळी बंद करवली होती.

भालचंद्र त्याचा चुलतभाऊ, चार वर्षांनी लहान, बांधाला बांध लागलेला. पंचाहत्तरच्या वैशाखात, दिनानाथच्या पाळीच्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास तो आपल्या वाडीच्या तोंडाशी वाकलेला दिनानाथला दिसला, आणि पाणी भालचंद्राच्या केळींत शिरत होतं. दिनानाथने सगळ्यांना बोलावून सांगितलं की हा हातांनी चिखल उपसून माझं पाणी घेत होता. भालचंद्र म्हणाला, खेकड्याने तोंड पोखरलं होतं, पाणी आपसूक येत होतं, मी ते बुजवत होतो. बावखलाचं पाणी ओंजळीत घेऊन त्याने शपथेवर तसं सांगितलं. पण दिनानाथने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे शपथही खोटी ठरली आणि भालचंद्र चोराच्या जोडीला खोटारडाही झाला.

बावखलाचा नियम जुना होता. जो पाणी चोरेल त्याचं तोंड बंद, आणि ज्याचं पाणी चोरलं त्याने स्वतःच्या हाताने ते फोडलं तरच पुन्हा सुरू. दुसऱ्या कोणी मध्ये पडायचं नाही. सात वर्षं भालचंद्र आपल्या पश्चिमेच्या मचूळ विहिरीवर भागवत होता. राजेळी केळ गेली, पानवेल गेली, नारळ तेवढे तग धरून राहिले. यंदा वाडी विकायला काढल्याचं कानावर होतं. नालासोपाऱ्याकडचा एक बिल्डर दोनदा येऊन बांध मोजून गेला होता. ते ऐकलं त्या दिवशी दिनानाथ जेवला कमी.

तर ही गाठ. ब्याऐंशीच्या फाल्गुनातल्या एका सोमवारी ती काढायचं ठरलं. होळीच्या रस्त्यावर डॉक्टर गुरुदत्तांचा दवाखाना होता. वय तिशीच्या आतबाहेर, मुंबईत शिकून आलेले, आणि रोगापेक्षा रोग्याबद्दल अधिक कुतूहल असलेले. अर्ध्या तासाचं काम, त्यांनी सांगितलं, जागा बधिर करू, आणि थोडं गुंगीचं इंजेक्शनही देऊ.

"झोपवणार?" दिनानाथने विचारलं.

"नाही. तुम्ही माझ्याशी बोलाल, म्हणेन तसं कराल. फक्त काळजी वाटायची थांबेल."

"मला कुठे काळजी वाटतेय?"

डॉक्टरांचं बोट त्याच्या मनगटावर होतं. "तुमच्या नाडीला वाटतेय, काका. बरं, एक गंमत करू. मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. सुरण, कंदील, बैलगाडी. परवा पट्टी बदलायला याल तेव्हा विचारीन."

दिनानाथला हे पोरकट वाटलं. ज्याच्या डोक्यात तीस वर्षांच्या पाळ्या त्याला सुरण लक्षात ठेवायला सांगतात म्हणजे काय. मग कोपराच्या आतल्या बाजूला सुई टोचली, आणि डॉक्टरांनी विसापासून उलटे आकडे म्हणायला सांगितले. वीस, एकोणीस, अठरा, सतरा. सोळा आपण म्हणालो की नाही हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

सतरानंतर त्याला दिसली ती आपल्याच घराची कौलं. तो आपल्या खाटेवर होता, खांदा ठणकत होता, आणि बायको अनसूया कमरेवर हात ठेवून उभी होती.

"चारला न्यायला या म्हणाले होते ना? मी मोटार चालू करून रस्त्याने धापा टाकत गेले, तर तुम्ही पसार. ती मटिल्डा नर्स बिचारी सगळीकडे शोधतेय. आणि इथे येऊन बघते तर साहेब घोरतायत."

"मला आणलं कोणी?"

"कोण आणणार? तुमच्याच पायांनी आलात. वाड्यांमधल्या आडवाटेने आला असाल, म्हणून चुकामूक झाली."

दिनानाथने यावर विचार केला आणि नेहमीप्रमाणे निकाल दिला. आपण झोपलो होतो. झोपेत कोणीतरी टांग्यात घालून पोचवलं असणार. चालत आलो असतो तर आठवलं असतं, कारण आपल्याला सगळं आठवतं. एवढं ठरवून तो पेज प्याला आणि पुन्हा झोपला.

मंगळवारी सकाळी तो वाडीत गेला आणि जागच्या जागी थांबला. सोमवार त्याच्या पाळीचा. दुपारी तीनला अनसूयेने मोटार लावली होती, संध्याकाळी बंद केली होती, आणि त्याच्या केळींच्या शेवटच्या दोन रांगांची आळी कोरडी ठणठणीत होती. बांधापलीकडे भालचंद्राच्या वाडीत मात्र चिखल. भालचंद्राचं तोंड फुटलेलं, आणि कडेचा ओला गाळ बाहेर काढून नीट थापलेला.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बांधावरूनच हाक मारली. भालचंद्र आला, मागून त्याची बायको सुभद्रा आली, आणि पलीकडच्या वाडीत पानवेली बांधत असलेला बॅप्टिस्ट, जो पाण्याचा तिसरा वाटेकरी, तोही हातातली दोरी टाकून आला.

"सात वर्षांत अक्कल नाही आली?" दिनानाथ म्हणाला. "मी तिकडे डॉक्टरच्या टेबलावर, आणि तू इकडे माझं पाणी फोडतोस?"

भालचंद्र त्याच्याकडे बघतच राहिला. "दादा, थट्टा करतोयस का? काल तूच फोडलंस."

"मी?"

"तू. आपल्या हाताने. मग इथे बांधावर बसलास, अर्धा तास माझ्याशी बोललास."

"भाऊजी, मी चहा विचारला होता तुम्हाला," सुभद्रा म्हणाली. "तुम्ही म्हणालात, नको, दोन कप झालेत."

नवरा-बायको मिळून आपल्याला वेड्यात काढतायत, असं दिनानाथला वाटलं. तो तरातरा बावखलाच्या पायऱ्या उतरला आणि ओंजळ भरून घेऊन वर आला. खांद्याचे टाके ओढत होते, पण त्याला पर्वा नव्हती. "हे पाणी हातात घेऊन सांगतो. मी याचं तोंड फोडलेलं नाही. मी काल इथे आलेलोच नाही."

ते तो अगदी मनापासून सांगत होता. तीळभरही खोट त्याच्या मनात नव्हती.

"दिना, पानी टाक खाली," बॅप्टिस्ट हळूच म्हणाला. "मी पायलं तुला. इथे वाकून दोनी हातांनी चिखल काढत होतास. मला हात पन केलास."

बॅप्टिस्टचं भालचंद्राशी काही सख्य नव्हतं, आणि खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. दिनानाथची ओंजळ कधी रिकामी झाली ते त्याला कळलं नाही. सदऱ्याच्या बाह्या भिजल्या होत्या. तिथे उभ्या असलेल्या तिघांना त्याचा सोमवार ठाऊक होता आणि त्याला एकट्याला नव्हता. रागाच्या जागी त्याला भीती वाटली. मग भीतीच्या मागोमाग एक विचित्र उत्सुकता आली, अशी त्याला शाळा सुटल्यापासून कशाबद्दल वाटली नव्हती. मी आलो, बसलो, बोललो. काय बोललो?

चौथी वाटेकरीण द्वारकाबाई, सत्तरीची, जिभेने तिखट. तिला दुपारपर्यंत सगळं कळलं, आणि तिने निरोप पाठवला की रविवारी सकाळी सगळ्यांनी बावखलावर जमायचं. पाळी सुरू झाली की नाही, एकदाचं ठरू दे.

बुधवारी दिनानाथ पट्टी बदलायला गेला. आत पाऊल टाकतानाच म्हणाला, "सुरण, कंदील, बैलगाडी."

डॉक्टर खूश झाले. "शाबास. आणि दुसरे तीन?"

"दुसरे कुठले? तुम्ही तीनच सांगितलेत."

डॉक्टरांनी खणातून एक वही काढून त्याच्यापुढे धरली. इंजेक्शननंतर दहा मिनिटांनी सांगितलेले शब्द असं लिहून पुढे चाळण, मोर, शिडी असं होतं, आणि त्यापुढे, बिनचूक म्हणून दाखवले. "तुम्ही वर म्हणालात, शिडी आमची मोडलीय, एक पायरी नाही. मोडलीय का?"

शिडी मोडली होती. दिनानाथ स्टुलावर बसला.

"हे औषध झोपवत नाही, काका," डॉक्टर म्हणाले. "माणूस चालतो, बोलतो, विनोद करतो. समोरच्याला कळतही नाही. फक्त घडलेलं आत राहत नाही. तुमच्या पाटाला पाणी भरपूर आहे, पण आळ्यात मुरतच नाही, तसं. चूक माझी झाली. दोन तास तुम्हाला इथेच ठेवायला हवं होतं. मटिल्डा हत्यारं उकळायला गेली आणि तुम्ही उठून चालायला लागलात."

"पण आत कुठेतरी असेल ना ते? आठवून आठवून बाहेर येईल?"

"नाही. लपलेलं असतं तर आलं असतं. ते साठलंच नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं तरच तुम्हाला कळणार."

मटिल्डा पट्टी गुंडाळत होती. तिने सांगायला सुरुवात केली आणि दिनानाथ एखाद्या परक्या माणसाची हकीकत ऐकावी तसा ऐकत राहिला. त्याने दोन कप चहा घेतला होता. राजेळी केळी सुकवून सुकेळी कशी करायची, किती उन्हं द्यायची, हे तिला सगळं सांगितलं होतं. अनसूया आली का, असं पाच वेळा विचारलं होतं, आणि दर वेळी नव्याने.

"आणि काका, तुम्ही मला कुमसाराचं विचारलंत," ती म्हणाली. "चर्चमध्ये फादरला आपलं पाप सांगता, ते कसं सांगता? सांगितल्यावर ज्याचं वाईट केलं त्याच्याकडेपण जावं लागतं का? मी म्हटलं, जावं लागतं. तर तुम्ही उठून चपला शोधायला लागलात. मला वाटलं, बाथरूमला जायचंय."

दिनानाथ डॉक्टरांकडे वळला. "डॉक्टर, या औषधाने माणूस खरं बोलतो का?"

"तसं म्हणणारे आहेत. मला नाही वाटत. भीड कमी होते, एवढं खरं. पण एका बाईंनी मला याच टेबलावर सांगितलं की त्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत. त्या शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. तेव्हा खरं की खोटं ते औषधाला विचारू नका. तुम्हालाच तपासावं लागेल."

परतताना तो मुद्दाम आडवाटेने आला. प्रत्येक वळणावर थांबून काही ओळखीचं वाटतंय का बघितलं, पण ओळखीची होती ती नुसती वाट, सोमवार त्यात कुठेच नव्हता. त्याचा अर्धा तास ज्या एका माणसाकडे होता, तो भालचंद्र. आणि त्या माणसाच्या शब्दाला किंमत नाही, असं गावाला सांगणारा दिनानाथ. गुरुवारचा अख्खा दिवस तो या गोष्टीभोवती फिरला. सुपाऱ्या सोलायला घेतल्या, अर्ध्या टाकल्या. अनसूयेवर दोनदा खेकसला. शेवटी शुक्रवारी दुपारी सदरा घालून तो बांध ओलांडून गेला.

भालचंद्र अंगणात पहारेवर नारळ सोलत होता. दिनानाथला बघून तो उठला नाही, पण बाजूचा बसायचा पाट पायाने पुढे सरकवला.

"सोमवारी मी काय बोललो ते सांग," दिनानाथ बसून म्हणाला.

"सांगून काय? तू म्हणशील, खोटं आहे."

"नाही म्हणणार. मला काहीच ठाऊक नाही, भालू. सुईनंतरचं काही नाही. तूच सांग."

भालचंद्राने हातातला नारळ खाली ठेवला. "तू बांधावरून आलास आणि सरळ वाकून चिखल काढायला लागलास. मी धावत आलो, म्हटलं, दादा, काय करतोस. म्हणालास, उशीर झाला. मग बसलास. आणि म्हणालास, भालू, त्या दिवशी मला तुझे हात दिसले नव्हते. नुसती पाठ दिसली होती. हात मी मागाहून लावले."

दिनानाथने सोललेला एक नारळ उचलून हातात धरला.

"चार वेळा सांगितलंस. तेच, तसंच, पहिल्यांदा सांगतोयस असं. पहिल्यांदा मला रडू आलं. दुसऱ्यांदाही आलं. चौथ्यांदा मात्र मी घाबरलो. सुभद्रेला म्हटलं, दादाला काहीतरी झालंय, याला घरी पोचव. तर तू म्हणालास, मी काय लहान आहे, आणि गेलास."

आतून सुभद्रा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ठेवून गेली. दिनानाथने तो तोंडाला लावला. पाणी मचूळ होतं. सात वर्षं हे लोक हेच पाणी पीत होते हे त्याला ठाऊक होतं, पण त्याची चव त्याला ठाऊक नव्हती.

"बिल्डर येत्या सोमवारी येणार सह्या घ्यायला," भालचंद्र म्हणाला. "मंगळवारी सकाळी मी त्याला नको म्हणून कळवायला निघणार होतो. तेवढ्यात तू हाक मारलीस, मग थांबलो. दादा, तुला अडचण नको. रविवारी सांग, इंजेक्शनने झालं. लोक मानतील. तोंड मी मंगळवारीच बुजवलंय, ते तसंच राहू दे, आणि सोमवारी सही करतो. तू चार वेळा बोललास ते मी कोणाला सांगणार नाही. ते माझ्यापुरतं पुरे आहे मला."

दिनानाथ उठून घरी आला. त्याचा घोळ असा होता, की त्याला भालचंद्राचे हात अजून दिसत होते. डोळे मिटले की दिसत होते. चिखलाने माखलेले, कोपरापर्यंत, बोटं गाळात रुतलेली. सात वर्षांत ते चित्र जरासुद्धा पुसट झालं नव्हतं. एवढं स्वच्छ दिसणारं खोटं कसं असेल? आणि ते खरं, तर सोमवारी आपल्या तोंडून जे निघालं ते काय, त्या मुख्याध्यापिका बाईंसारखं? डॉक्टर म्हणाले होते, तपासा.

दिवेलागणीला त्याने अनसूयेला हाक मारली. "चल जरा बांधावर."

"आता? भात उतरायचाय."

"उतर आणि चल."

पंचाहत्तरच्या त्या संध्याकाळी तो पोफळीच्या तिसऱ्या झाडाशी उभा होता, याबद्दल वाद नव्हता. हे त्याने तेव्हा सगळ्यांना उभं राहून दाखवलं होतं. झाड तिथेच होतं. मधला दगडी बांध बापाच्या वेळचा, त्याचा एक दगड हललेला नव्हता. दिनानाथ झाडाला पाठ लावून उभा राहिला आणि अनसूयेला त्याने भालचंद्राच्या तोंडाशी जाऊन वाकायला सांगितलं. ती कुरकुरत गेली, पदर खोचला आणि वाकली.

"दिसतंय का?" तिने तिकडून विचारलं.

"पाठ दिसतेय."

"आणि?"

तो पाहत राहिला. पलीकडे पाट हातभर खोल होता आणि बांध आडवा येत होता. कोपराच्या वरपर्यंत तिचे दंड दिसत होते, पुढे दगड. तो एक पाऊल डावीकडे सरकला, मग उजवीकडे. टाचा उंचावून पाहिलं.

"पाठच," तो म्हणाला.

"बरं, आता सांगा, मी चिखल काढतेय की लावतेय?"

अनसूया पाण्यात खरोखरच काहीतरी करत होती. तिचे खांदे हलत होते. दिनानाथने जीव डोळ्यांत आणून बघितलं. काढतेय म्हटलं तर काढतेय, लावतेय म्हटलं तर लावतेय. त्याला सांगता येईना. त्या संध्याकाळीही त्याला सांगता आलं नसणार, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. चोर ठरवायला हात लागतात, म्हणून हात आले होते. मग सात वर्षं दर वेळी सांगताना त्यांच्यावर थोडा थोडा चिखल चढत गेला होता, आणि शेवटी ज्याने ते लावले त्यालाच ते दिसू लागले होते.

"अहो, सांगा ना. कंबर धरली माझी."

"ये इकडे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ऐकून ती भराभर आली. तो झाडाला धरून रडत होता. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण तिने त्याला बाप गेला तेव्हाही असा रडताना पाहिलं नव्हतं. ओला हात पदराला पुसून तिने त्याच्या बऱ्या खांद्यावर ठेवला.

रविवारी सकाळी सगळे बावखलावर जमले. द्वारकाबाई पायरीवर बसली, बॅप्टिस्ट चर्चमधली मिसा आटपून धुतल्या सदऱ्यातच आला. भालचंद्र आणि सुभद्रा जरा लांब उभी होती. दिनानाथला ठाऊक होतं की इंजेक्शन हा एक शब्द उच्चारला की सगळं मिटतं. आपण जसे होतो तसे राहतो, उद्याही लोक पाळी विचारायला येतात. आणि दुसरं काही बोललो तर तीस वर्षांत सांगितलेल्या प्रत्येक पाळीवर कोणीही बोट ठेवील. शुद्धीत हे फार जड होतं.

"अरे दिना, बोल," द्वारकाबाई म्हणाली. "सोमवारी तू शुद्धीत होतास की नव्हतास? शुद्धीत नसलास तर ते फोडलेलं धरता येत नाही."

"नव्हतो," दिनानाथ म्हणाला. "ते धरू नका. पण पंचाहत्तर साली मी शुद्धीत होतो, आणि तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी भालूचे हात पाहिले नाहीत. त्या झाडापासून हात दिसतच नाहीत, कोणीही उभं राहून बघा. मी पाठ पाहिली आणि बाकीचं मनाने जुळवलं."

बॅप्टिस्टने उठून खरंच झाडाशी जाऊन पाहिलं आणि परत येऊन मान डोलावली.

"मग तो करत काय होता?" द्वारकाबाईने विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे, त्याला विचारा."

सात वर्षांत भालचंद्राला हे कोणी विचारलं नव्हतं. "बुजवत होतो," तो म्हणाला.

"बुजवत होता," दिनानाथने सगळ्यांना सांगितलं.

मग तो पाटाशी गेला. मंगळवारीच भालचंद्राने पुन्हा घट्ट चिखल भरून तोंड बंद केलं होतं. दिनानाथ गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तो उपसू लागला. टाके ओढत होते, धोतर भरत होतं. पाळी बॅप्टिस्टची होती, त्यामुळे दिनानाथने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"घे, घे," बॅप्टिस्ट म्हणाला. "माझं तासभर जाऊ दे त्याला."

मोटार सुरू झाली. पाणी आलं, तोंडाशी क्षणभर घुटमळलं आणि भालचंद्राच्या कोरड्या वाडीत वळलं. सुभद्रा पदराने डोळे टिपत पाण्याबरोबर चालत गेली. दिनानाथला उठता येईना, तेव्हा भालचंद्राने त्याला काखेत हात घालून उभं केलं. दोघांचेही हात चिखलाने भरले.

"दादा, हे उद्या आठवेल ना तुला?" भालचंद्र म्हणाला.

"न आठवलं तर तू सांग," दिनानाथ म्हणाला. "तू सांगशील तेच धरू."